तीन मुके ट्रान्सड्यूसर

पांढुर्ण्यात स्टेशन रोडवर भूपेंद्रचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. आजूबाजूच्या गावांत अशी विहीर विरळाच, जिच्यातली जळकी मोटार गेल्या चौतीस वर्षांत एकदा तरी त्याच्या टेबलावर येऊन गेली नाही. कापूस असो की संत्रा, पाणी लागतंच, आणि मोटार जळते ती नेमकी पाण्याची पाळी आली असतानाच. त्यामुळे भूपेंद्रचं बरं चाललं होतं. माणूस कामाला चोख, तोंडाने फटकळ आणि आपल्या हाताबद्दल अंमळ जास्तच अभिमानी. "माहा जोड वीस वर्षं पाण्यात राहू द्या, सुटला त मिशा काढून ठेवतो," हे वाक्य नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या पाच मिनिटांत ऐकून घ्यावंच लागायचं.

असा हा माणूस गेले चार महिने मोटारी बाजूला सारून साबणाच्या वडीएवढ्या एका काळ्या ठोकळ्याच्या मागे लागला होता. त्या ठोकळ्याला ट्रान्सड्यूसर म्हणतात. तो पांढुर्ण्यात कोणाला माहीत नव्हता, सौसरला नव्हता, आणि नागपूरला ज्यांना माहीत होता ते भूपेंद्रकडे दयेने पाहत होते.

ठोकळा ज्या यंत्राचा, ते यंत्र त्याच्या भाऊजींचं, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं. रामाजी त्यांचं नाव. सौसरजवळ त्यांची संत्र्याची बाग. मुलगा अंकुर मंगळूरला बंदरावर नोकरीला; त्याने पंधरा वर्षांपूर्वी मोडीत निघालेल्या एका बोटीतून हे मासे शोधायचं यंत्र काढून आणलं आणि बापाला दिलं. एक राखाडी डबा, त्याला वितभर पडदा, आणि डब्यापासून निघालेल्या केबलच्या टोकाला हा ट्रान्सड्यूसर. तो डोंग्याच्या बुडाशी पाण्यात बांधायचा. तो खाली आवाज सोडतो, तळाला आणि माशांना आपटून परत आलेला आवाज टिपतो, आणि पडद्यावर तळाची रेघ उमटते, मासा असला तर रेघेच्या वर छोटी कमान दिसते. एवढं झालं तरी मासा गरीला लागेलच असं नाही. पण खाली आहे आणि लागत नाही, या दुःखातही एक मजा असते, आणि ती मजा हे साळे-भाऊजी दर रविवारी सौसरजवळच्या धरणावर मनसोक्त भोगत आले होते.

यंत्र मधोमध फळीवर, एका बाजूला वल्हं घेऊन रामाजी, दुसऱ्या बाजूला गरी घेऊन भूपेंद्र, तोंडासमोर तोंड. ही मांडणी भूपेंद्रच्या बहिणीने, सुनंदाने ठरवून दिली होती. चारेक वर्षांपूर्वी ती एकदा हौसेने डोंग्यात येऊन बसली होती. "असे बसा दोघं, अन् यंत्र मधात ठेवा," म्हणाली. पडद्यावर ऊन पडतं म्हणून तिने घरी जाऊन जुन्या निळ्या लुगड्याचं एक टोपडंही शिवून दिलं यंत्राला. बाळाला घालतात तसं, दोन बंदांचं. दोघांनी तिची खूप थट्टा केली आणि टोपडं मुकाट्याने वापरायला घेतलं.

सुनंदा दोन वर्षांपूर्वी गेली. तापाचं निमित्त झालं आणि पाचव्या दिवशी नागपूरच्या दवाखान्यात सगळं आटोपलं. बहीण होती तोवर भूपेंद्रला सौसरची बस धरायला कारण लागत नव्हतं. ती गेल्यावर मात्र साठी उलटलेल्या दोन पुरुषांनी एकमेकांच्या घरी जायचं तरी काय म्हणून? बायका नुसत्या भेटायला जाऊ शकतात. पुरुषांना हातात काहीतरी लागतं. यांच्या हातात गरी होती आणि मध्ये ते यंत्र होतं, म्हणून रविवार चालू राहिले. सुनंदाबद्दल ते फारसं बोलत नसत. पण तिच्या टोपड्याचे बंद बांधताना रामाजींची बोटं जरा रेंगाळायची आणि भूपेंद्र तेवढा वेळ दुसरीकडे पाहायचा. घरी बायको सोडली तर त्याला आता सख्खं म्हणावं असं हेच एक माणूस उरलं होतं, आणि रामाजींवर त्याचा जीव होता. हे त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं, तो भाग वेगळा.

मग दिवाळी झाली आणि भूपेंद्रच्या डोक्यात सुधारणा शिरली.

यंत्र डोंग्याच्या नाकाशी ठेवलं तर पुढचं पाणी आधी दिसेल, असं त्याला वाटलं. केबल तेवढी पुरत नव्हती. केबल पुरत नसली की पांढुर्ण्याचा वाइंडिंगवाला काय करतो? कापतो आणि जोडतो. विहीर खोल गेली की तो रोज तेच करतो. भूपेंद्रने केबल मधोमध कापली, सबमर्सिबल मोटारीला लावतात ती चपटी केबल तीन मीटर मध्ये घातली, दोन्हीकडे असा जोड मारला की पाहत राहावं, वरून टेप गुंडाळली आणि जोडावरून कौतुकाने हात फिरवला.

त्या रविवारी तो यंत्र घेऊन पुढे, नाकाशी जाऊन बसला, रामाजींकडे पाठ करून. यंत्र चालू केलं तर पडद्यावर रांगोळी विस्कटावी तसे ठिपकेच ठिपके. ना तळ, ना मासा. भूपेंद्रने डब्याला थापट्या मारल्या, बटणं दाबली, दातओठ खाल्ले. दोन तास तो त्या पडद्याशी झटत होता. आणि अचानक डोंगा काठाकडे वळला.

"काहून जी? इतक्या लवकर?" त्याने मागे वळून विचारलं.

रामाजींनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "असू द्या. ऊन झालं," एवढंच ते म्हणाले.

रामाजींच्या घरून निघताना भूपेंद्रच्या पिशवीत दर वेळी संत्री भरली जायची. बहर असेल तेव्हा संत्री, नसेल तेव्हा लिंबं, नाहीतर तुरीच्या शेंगा, पण पिशवी रिकामी कधी गेली नव्हती. त्या दिवशी यंत्र दुरुस्तीला म्हणून त्याच्यासोबत आलं, पिशवी मात्र रिकामी आली. पुढच्या रविवारी रामाजींना मजूर बघायचे होते. त्याच्या पुढच्या रविवारी लग्नाला जायचं होतं. मग संत्र्याचा तोडा. मग पुन्हा तोडाच.

भूपेंद्रने हिशेब मांडला तो असा: सुनंदाने टोपडं घातलेलं यंत्र आपल्या हातून बिघडलं, आणि भाऊजींच्या ते मनाला लागलं. तेव्हा यंत्र चालू झालं की भाऊजी येतील. जोडाचा त्यात काही दोष असेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नाही. त्याचा जोड! तर मग उरला तो ट्रान्सड्यूसर. तो गेला. नवा आणायचा, बस.

पहिला फोन त्याने अंकुरला केला, तोही बापाला न सांगण्याच्या शपथेवर. अंकुर म्हणाला, "मामा, ते मॉडेल बंद होऊन दहा वर्षं झाले. नवं यंत्र घ्या न, छोटं येते, रंगीत." भूपेंद्रने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नव्या यंत्राला ते टोपडं बसलं नसतं.

मग त्याने डब्याच्या मागचा फोटो खिशात घालून नागपूरच्या तीन चकरा केल्या. सीताबर्डीच्या दुकानदाराने त्याला घराची बेल वाजवायचा बझर दाखवला. दुसऱ्याने टाकीतलं पाणी मोजायचं काहीतरी दाखवलं. मोबाइलवर एक सापडला, हुबेहूब तसाच. मागवला, तर त्याच्या प्लगला आठ पिना आणि यंत्राला भोकं सहा. भूपेंद्रने दोन पिना उपटण्यासाठी पक्कडही उचलली होती. मग काय वाटलं कोण जाणे, ठेवून दिली.

शेवटी कोणाकडून तरी रत्नागिरीचा एक नंबर मिळाला. बोटींवरची जुनी यंत्रं दुरुस्त करायचं दुकान, वडिलांच्या मागे मृणाल नावाची मुलगी चालवत होती. भूपेंद्र फोनवर बोलायचा म्हणजे स्पीकर पूर्ण मोठा करून, फोन थाळीसारखा तोंडासमोर धरून. दुकानासमोरचा चहावाला सगळं संभाषण ऐकायचा आणि मधूनमधून सल्लाही द्यायचा.

"काका, जुन्या सहा पिनांचा ना? मिळेल, एखाद्या मोडक्या ट्रॉलरवरचा काढून देईन," मृणाल म्हणाली. "पण वारंवारता जुळायला हवी, डब्याच्या मागे लिहिलेली असते ती सांगा. आणि आधी एक करून बघा. यंत्र चालू करायचं आणि ट्रान्सड्यूसर कानाला लावायचा. जिवंत असला की बारीक टिकटिक ऐकू येते. टिकटिक येत असेल तर तो चांगला आहे, दोष केबलमध्ये. केबल कुणी कापलीबिपली नाही ना?"

"बिल्कुल नाही," भूपेंद्र म्हणाला. तो खोटं बोलला असं म्हणता येणार नाही. त्याच्या लेखी त्याच्या हातचा जोड असलेली केबल ही कापलेली केबल नव्हतीच.

त्याने जुना ट्रान्सड्यूसर कानाला लावला. उजव्या, मग डाव्या. काही नाही. चहावाल्याला शांत राहायला सांगून पुन्हा लावला. काही नाही. मेलाच होता. त्याने मृणालला तसं कळवलं, आणि आठवड्याने रत्नागिरीहून पार्सल आलं. प्लग बरोबर बसला. भूपेंद्रने यंत्र चालू केलं, ठोकळा कानाला लावला. हाही मुका! त्याने तो परत पाठवला. मृणालने दुसरा पाठवला. तोही मुका. तोही परत. मुका ठोकळा घेऊन सौसरला जायचं आणि भाऊजींसमोर पुन्हा ठिपके दाखवायचे, हे त्याला नको होतं.

"हे समुद्रवाले लोक काहीही पाठवून देतात," तो घरी बायकोला म्हणाला.

शोभाने काहीतरी उत्तर दिलं.

"जरा मोठ्यानं बोलत जा न. आजकाल सगळेच तोंडातल्या तोंडात बोलून राहिले," भूपेंद्र म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. टीव्हीवरची माणसंही अलीकडे पुटपुटायला लागली होती. शेजारच्या घरातून खिडकी लावल्याचा आवाज आला, तो शोभाला आला.

होळीच्या आधीच्या आठवड्यात तिसरा ट्रान्सड्यूसर आला. भूपेंद्र तो घरी घेऊन आला, बैठकीत बॅटरी मांडली, यंत्र जोडलं, ठोकळा कानाला लावला आणि डोळे मिटून बसला. बराच वेळ बसला. मग त्याने तो पलंगावर टाकला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"हाही मेलेला," तो म्हणाला. "शोभा, भाऊजी आता येत नाही आपल्याकडे. संपलं ते." त्याचा आवाज एवढा पडलेला तिने सुनंदाच्या तेराव्यानंतर ऐकला नव्हता.

शोभा तूर निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं, पलंगावरचा ठोकळा उचलला आणि सहज कानाला लावला.

"टिकटिक त करून राहिलं हे."

"काय करून राहिलं?"

"टिक-टिक-टिक!" शोभा ओरडली. "घड्याळासारखं. इतकं साफ त ऐकू येते!"

भूपेंद्रने तो तिच्या हातून हिसकावला. कानाला लावला. शांत. त्याने संशयाने बायकोकडे पाहिलं. शोभाचं माहेर सावरगावचं, म्हणजे नदीच्या पलीकडचं. पांढुर्ण्याच्या माणसाची फिरकी घ्यायला त्या लोकांना निमित्त लागत नाही, असं त्याचं लग्नापासूनचं मत होतं. त्याने तिच्या हातात ठोकळा दिला. "डोळे मीट. टिकटिक आली की बोट हालव."

शोभाने डोळे मिटले. तिचं बोट मांडीवर हलायला लागलं, एकसारखं, ठेक्यात. भूपेंद्रने चोरून यंत्राचं बटण बंद केलं. बोट थांबलं. चालू केलं. बोट हललं. बंद केलं. थांबलं. असं त्याने सात वेळा केलं. सात वेळा बोट चुकलं नाही. मग त्याने घाम पुसत नवा ठोकळा काढला आणि पेटीतला जुना, स्वतःच्या जोडासकट, यंत्राला लावला. शोभाच्या हातात दिला.

बोट हलायला लागलं.

भूपेंद्र खाली बसला. मेलेला कोणीच नव्हता. जुना नाही, आलेले तीनही नाहीत. मग दोष केबलमध्ये, म्हणजे जोडात, म्हणजे त्याच्या हातात. आणि टिकटिक...

शोभाने डोळे उघडले. ती उठून त्याच्या अगदी समोर येऊन बसली. एरवी नेम धरून बोलणारी बाई, पण आज तिने हळूच त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुम्हाले ऐकू कमी येते," ती सावकाश म्हणाली. "चार वर्षं झाले. त्या मोटारींच्या आवाजानं झालं असन. साऱ्या स्टेशन रोडले माहीत आहे. तुम्हालेच तेवढं माहीत नाही."

"मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं. चार वर्षं सांगून राहिली. तुम्हाले ऐकू नाही आलं."

आणि मग दोघंही हसायला लागले. शोभाच्या डोळ्यांत पाणी आलं तरी हसणं थांबेना. भूपेंद्रचं मात्र थांबलं, आणि त्याने दोन्ही ठोकळे उचलून पेटीत ठेवले.

सकाळी त्याने मृणालला फोन लावला. या वेळी शोभा शेजारी होती, न कळलेलं त्याला मोठ्याने सांगायला.

"पोरी, केबल मी कापली होती," तो म्हणाला. "मधात मोटारीची केबल टाकली."

पलीकडे मृणाल हसली. "काका, इतक्या दिवसांत एकदा सांगायचं होतं. त्या केबलला आतून जाळीचं कवच असतं, तुमच्या चपट्या केबलला नाही. म्हणून ठिपके येतात. मधला तुकडा काढून टाका. तार तारेला, जाळी जाळीला, कथिलाचा नीट डाग द्या. आणि काका, तुम्ही मुके म्हणून परत पाठवलेले दोन्ही इथे छान चालताहेत. मी तुम्हाला दोनदा फोनवर सांगितलं. तुम्ही 'हव, हव' म्हणालात."

तिसरा ठोकळा त्याने त्याच दिवशी परत पाठवला, सोबत पांढुर्ण्याची एक पेटी संत्री आणि स्वतःच्या हस्ताक्षरात "माझी चूक" अशी चिठ्ठी. मग दुकानाचं शटर अर्धं ओढून त्याने आयुष्यातला सगळ्यात अवघड जोड तोडला. सहजासहजी निघत नव्हता. जोड पक्काच होता. जुनी केबल पुन्हा मूळच्या लांबीची झाली.

रविवारी तो सौसरला गेला. शोभाने टोपडं धुऊन, इस्त्री करून दिलं होतं. रामाजी अंगणात बसले होते. त्याला पाहून ते उठले, पाणी दिलं, बसा म्हणाले, सगळं रीतीप्रमाणे, आणि हीच रीत भूपेंद्रला टोचली. पूर्वी ते नुसतं "आले का साळेबुवा" म्हणायचे आणि उठायचेही नाहीत.

"तोडा चालू आहे जी," ते म्हणाले.

"एक घंटा चला, भाऊजी. यंत्र दुरुस्त झालं. नाही चाललं त पुन्हा नाही म्हणणार."

रामाजींनी टोपड्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यातलं वल्हं उचललं.

केबल आखूड झाल्यामुळे यंत्र मधल्या फळीवरच बसत होतं. दोघं जुन्यासारखे समोरासमोर बसले. धरणाच्या मध्यावर भूपेंद्रने बटण दाबलं, आणि पडद्यावर तळाची रेघ उमटली, ठसठशीत. तिच्यावर एक कमान. मग दुसरी. त्याने मोठ्या आशेने वर पाहिलं.

"बरं झालं," रामाजींचे ओठ म्हणाले. आणि ते पाण्याकडे पाहू लागले.

बस, एवढंच. चार महिने ज्या गोष्टीमागे धावला ती समोर चालू होती आणि भाऊजी परत आलेच नव्हते. यंत्राचा राग नव्हताच तर. मग कशाचा? त्याला काही सुचेना, आणि काही सुचेना म्हणून त्याच्या तोंडून खरं तेच निघालं.

"भाऊजी, यंत्र खराब नव्हतं झालं. मीच केबल कापली होती. अन् दुसरं एक सांगतो, हसू नका. मले ऐकू येत नाही. समोर बसलं त समजते. मागून कोणी बोललं त काही नाही."

रामाजींचं वल्हं पाण्यातच थांबलं.

"कवापासून?"

"शोभा म्हणते, चार वर्षं."

रामाजी थोडे पुढे झुकले. "दिवाळीनंतर आलो होतो आपण. तुम्ही तिकडे पुढं बसले होते. पाठ करून."

"हव."

"मी मागून काही विचारलं होतं तुम्हाले."

"मले नाही आलं ऐकू."

"दोनदा विचारलं," रामाजी म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम वेगळाच दिसायला लागला. "तुम्ही वळूनही नाही पाहिलं. मी म्हटलं, मिळालं आपलं उत्तर."

डोंगा आपोआप हळूहळू फिरत होता. भूपेंद्रने गरी खाली ठेवली. "आता विचारा."

रामाजी खाली पाहून काहीतरी बोलले.

"मोठ्यानं, भाऊजी. माह्याकडे पाहून."

रामाजी हा असा माणूस, की बैलावरही कधी त्याने आवाज चढवला नव्हता. त्यांनी मान वर केली, दोन्ही हातांनी वल्हं घट्ट धरलं आणि ओरडले. काठावर म्हैस धुणारा माणूस उभा राहून बघायला लागला, इतक्या मोठ्याने ओरडले.

"सुनंदाले मी दवाखान्यात दोन दिवस उशिरा नेलं! व्यापारी येणार होता बागेत, म्हून थांबलो! तुमचा राग आहे का माह्यावर?"

धरणावरून तो आवाज पलीकडे गेला आणि परत आला. भूपेंद्रला वाटलं, आपण चार महिने काय शोधत होतो आणि हा माणूस मागे बसून काय विचारत होता. नाही म्हणणं सोपं होतं. पण एवढ्या मोठ्याने विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर देववेना.

"होता," तो म्हणाला, तेवढ्याच मोठ्याने. "वरसभर होता. मंग गेला. भाऊजी, तिनं मलेही फोन केला होता त्या दोन दिवसांत. मी म्हटलं, ताप आहे, उतरन. सवताचा राग करता येत नव्हता, म्हून तुमचा करत होतो. आता कोणाचाच नाही."

रामाजींनी खांद्यावरचा दुपट्टा डोळ्यांना लावला आणि बराच वेळ काढला नाही. भूपेंद्रने या वेळी दुसरीकडे पाहिलं नाही. तोही रडत होता. काठावरच्या माणसाने म्हशीला पुन्हा घासायला घेतलं.

"पिशवी आणली का?" रामाजींनी शेवटी नाक शिंकरून विचारलं.

"खिशात आहे."

रामाजींनी वल्हं उचललं. दोन हात मारले. मग ते टोपड्याच्या बंदाशी बोटांनी खेळत पुन्हा पुटपुटल्यासारखं काही बोलले. अशा वेळी "हव, हव" म्हणून मोकळं व्हायची भूपेंद्रची चार वर्षांची सवय. जिभेवर आलंही होतं. त्याने ते गिळलं.

"काय म्हटलं?" त्याने विचारलं.

रामाजी यंत्रावरून वाकून त्याच्या तोंडाजवळ आले.

"म्हटलं, सुनंदाले सारं माहीत होतं. मले म्हणे, 'माह्या भावाले ऐकू कमी येते. त्याच्यासमोर बसून बोलत जा. त्याले सांगू नका, त्याले वाईट वाटन.' म्हून त तिनं यंत्र मधात ठेवाले लावलं. मीच इसरलो."

हे मात्र भूपेंद्रला अक्षरन् अक्षर ऐकू आलं.